‘ओब्लोमोव’: न घेतलेल्या निर्णयांचा जमाखर्च

रशियन लेखक इवान गोंचारोवची ‘ओब्लोमोव’ ही कादंबरी ‘आळशी माणसाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते. वर्णन खोटं नाही, पण तेवढ्याच अपेक्षेने पुस्तक हातात घेतलं तर पहिल्या शंभर पानांत धीर सुटतो. नायक लोळतोय, पाहुणे येताहेत, जाताहेत, नायक पुन्हा लोळतोय. गोंचारोवला आळसापेक्षा त्यामागची यंत्रणा दाखवायची आहे. एक निर्णय पुढे ढकलला की तो कुणाच्या अंगावर जाऊन पडतो, त्याचे किती रूबल होतात आणि ते कोण भरतं, याचा हिशेब या पुस्तकात पानोपानी मांडलेला आहे. तो हिशेब धरून वाचलं तर ‘काहीच घडत नाही’ अशी ख्याती असलेल्या या कादंबरीत केवढं घडतंय ते दिसायला लागतं.

आधी पाया बघू. पीटर्सबर्गच्या गोरोखोवाया रस्त्यावर, एका भल्यामोठ्या इमारतीतल्या घरात इल्या इल्यिच ओब्लोमोव सकाळी अंथरुणात पडलेला आहे. वय बत्तीस-तेहतीस. दूर, जवळजवळ आशियात म्हणावं अशा एका प्रांतात वडिलोपार्जित जमीन आणि तिच्यावर ३५० भूदास, म्हणजे जमिनीसोबत मालकाच्या ताब्यात असलेले शेतकरी. रशियात भूदासांची मोजणी पुरुषांपुरती व्हायची, त्यामुळे प्रत्यक्षात या एका माणसाच्या पोटापाण्यासाठी राबणारी माणसं त्याहून बरीच जास्त. उत्पन्न वर्षाला सात ते दहा हजार रूबल, तेही कागदी. पुस्तकातले पैशांचे आकडे वाचताना हा ‘कागदी’ शब्द विसरू नये. १८३९ च्या चलनसुधारणेत साडेतीन कागदी रूबलांना एक चांदीचा रूबल असा दर ठरला होता. म्हणजे ओब्लोमोव खाऊनपिऊन सुखी आहे, गडगंज नाही. हे ध्यानात असलं की तिसऱ्या भागातली त्याची घाबरगुंडी पटते.

नोकरी त्याने केलेली आहे. अस्त्राखानला जाणारा एक महत्त्वाचा कागद त्याने अर्खांगेल्स्कला धाडला. एक शहर व्होल्गा नदीच्या मुखापाशी, दुसरं पार उत्तरेला पांढऱ्या समुद्राजवळ. शिक्षा काय होते याची वाटसुद्धा न बघता तो घरी गेला, आजारपणाचा दाखला पाठवून दिला आणि पुढे राजीनामा. हा प्रसंग गोंचारोव दोन परिच्छेदांत उरकतो, पण ओब्लोमोवच्या वागण्याचा साचा इथेच समजतो. चूक झाली म्हणून तो खचलेला नाही. चुकीनंतर कुणासमोर तरी उभं राहावं लागेल, तेवढं त्याला टाळायचं असतं.

कादंबरी उघडते त्या दिवशी त्याच्यापुढे दोन संकटं आहेत. गावच्या कारभाऱ्याचं पत्र आलंय: दुष्काळ, थकबाकी, पळून गेलेली माणसं, त्यामुळे यंदा दोनेक हजार कमी येतील. आणि घरमालकाला जागा रिकामी करून हवी आहे. दोन्हींवर उपाय म्हणजे एकेक पत्र लिहिणं. पहिल्या भागात अकरा प्रकरणं आहेत, ‘ओब्लोमोवचं स्वप्न’ हे नववं प्रकरण सोडलं तर बाकीची सगळी एकाच दिवसात घडतात, आणि ही दोन पत्रं काही लिहून होत नाहीत.

पाहुण्यांची रांग पहिल्या वाचनात लांबण लावल्यासारखी वाटते. समारंभांमागे धावणारा व्होल्कोव, बढती मिळालेला सरकारी अधिकारी सुदबिन्स्की, लेखक पेन्किन, मग चेहरा आठवू नये असा अलेक्सेयेव, आणि शेवटी दांडगट तारांत्येव. जवळ येऊ पाहणाऱ्याला ओब्लोमोव एकाच वाक्याने थोपवतो: जवळ येऊ नका, तुम्ही बाहेरच्या गारठ्यातून आलात! दिवस १ मेचा आहे आणि लोक एकातेरीनहोफच्या जत्रेला निघालेत. वाचताना एवढंच करावं: ओब्लोमोव आपल्या दोन संकटांचा विषय काढतो तेव्हा समोरचा काय करतो ते पाहावं. कुणी कान देत नाही. व्होल्कोवला आणखी दहा ठिकाणी जायचं आहे, सुदबिन्स्कीला कामं आहेत. ते गेल्यावर ओब्लोमोव त्यांची कीव करतो, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य असतं. ही माणसं पळताहेत खरी, पण कशासाठी हे त्यांनाही सांगता येणार नाही. गोंचारोवची ताकद इथे आहे. ओब्लोमोवचा युक्तिवाद तो लुळा करून ठेवत नाही. वाचकाला मान डोलवायला लावतो आणि मग हळूच दाखवतो, की हे पटणारं बोलणं बोलून झालं तरी पत्र अजून कोरंच आहे.

तारांत्येवकडे मात्र बारीक लक्ष द्यावं. पाचांमध्ये ‘मी बघतो तुझं’ म्हणणारा तोच एकटा. पुढची सगळी लुबाडणूक या सोयीच्या आश्वासनातून उगवते. आठव्या प्रकरणात येणारा डॉक्टरही असाच नोंद करून ठेवण्याजोगा: असंच जड जेवून लोळत राहिलात तर दोन-तीन वर्षांत झटका येऊन मराल, असं तो स्पष्ट बजावतो.

त्याच आठव्या प्रकरणात घरमालकाला पत्र लिहिण्याचा प्रसंग आहे. पहिल्या भागातलं एकच प्रकरण दोनदा वाचायचं असेल तर हे वाचावं. दौत कोरडी, कागद धड नाही. (आधीच सांगून ठेवलेलं आहे, की त्या दौतीत टाक बुडवलाच तर आतून माशी गुणगुणत बाहेर पडेल.) कसाबसा मजकूर सुरू होतो आणि दुसऱ्याच वाक्यात ‘जे’ आणि ‘की’ दोन-दोनदा आले म्हणून लेखकराव अडतात. खोडतात, फिरवतात, अर्थ बिघडतो, कागद फाडून टाकतात. वाक्य नीट हवं हा हट्ट वरवर चांगला दिसतो, पण जागा सोडायची की नाही हा प्रश्न त्या हट्टाच्या आड बिनबोभाट लपवून ठेवता येतो. चालढकल करणाऱ्याला काम कधी थेट नको नसतं. त्याला ते आधी नीट करायचं असतं. हे इतकं अचूक पकडलेलं दृश्य दुसरीकडे सापडणं कठीण.

मग नोकर झाखार येतो आणि म्हणतो, इतर लोक जागा बदलतातच की! या ‘इतर’ शब्दावर ओब्लोमोव पेटून उठतो. मी इतरांसारखा? मी कधी पायात मोजे स्वतः चढवले नाहीत, भूक-थंडी सोसली नाही, आणि तू माझी तुलना इतरांशी करतोस? तासाभराची ही झाडाझडती विनोदी आहे, तरी हसता हसता एक गोष्ट उघड होते. ओब्लोमोवला आपल्या परावलंबनाची लाज नाही, त्याचा मान वाटतो. पुढच्याच एकांतात त्याला पहिल्यांदा प्रश्न पडतो: मी असा का आहे? उत्तर शोधता शोधता झोप लागते आणि स्वप्न सुरू होतं.

झाखारबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घाईच्या वाचनात तो निव्वळ विनोदी नोकर ठरतो. पन्नाशी उलटलेला, काखेत उसवलेला करडा कोट, चेहऱ्यावर झुडपासारखे कल्ले. सुट्टी तांब्याची नाणी लंपास करतो, हात लावेल ती वस्तू फोडतो आणि मालकासाठी जीवही देईल. घरातल्या ढेकणांबद्दल बोलणी खाल्ल्यावर तो विचारतो, ढेकूण काय मी निर्माण केले? समोर राहणाऱ्या जर्मन पियानोवाल्याच्या घरी कचरा का नाही, याचं त्याच्याकडे उत्तर तयार आहे: ती माणसं आठवडाभर एकच हाड चघळतात, कचरा होणार कुठून? मालक आणि नोकर एकमेकांना जखडून आहेत. झाखार नसेल तर ओब्लोमोवला ना उठता येतं ना झोपता, आणि मालक नसेल तर झाखारला जगात जागाच नाही. हे दुसरं वाक्य शेवटच्या प्रकरणापर्यंत लक्षात ठेवावं.

‘ओब्लोमोवचं स्वप्न’ हे पुस्तकाचं काळीज. ते १८४९ मध्ये, म्हणजे पूर्ण कादंबरीच्या दहा वर्षं आधी स्वतंत्रपणे छापून आलं होतं, आणि तसंच सुटं वाचलं तरी चालतं. ओब्लोमोव्का नावाचं गाव, दुपारी जेवणानंतर सगळं घर झोपेत बुडालेलं, जागा फक्त सात वर्षांचा इल्यूशा. तो मोडकळीला आलेल्या सज्जावर चढतो, परसात फिरतो, दरीच्या काठापर्यंत जाऊन घाबरून परततो. हा पोरगा अजिबात सुस्त नाही, आणि गोंचारोवचा मुद्दा तोच आहे. एका हिवाळ्यात इल्यूशा सगळ्यांची नजर चुकवून गावच्या पोरांबरोबर बर्फाचे गोळे खेळायला पळतो. घरात हाहाकार. त्याला धरून आधी मेंढीच्या कातड्याच्या कोटात, मग वडिलांच्या फरकोटात, मग दोन रजयांत गुंडाळून मिरवत घरी आणतात आणि तीन दिवस अंथरुणात ठेवतात. त्याला खरी गरज होती ती पुन्हा बर्फात खेळण्याची, एवढीच पुस्ती गोंचारोव जोडतो. यात कुणी दुष्ट नाही. सगळे प्रेमच करताहेत. माया आणि भूदासांची फौज यांच्या संगनमताने एक चपळ मूल कसं निकामी होतं, हे इतक्या गोड भाषेत लिहिलंय की वाचकालाही त्या दुपारच्या झोपेचा मोह पडतो.

त्याच प्रकरणात पत्राची आणखी एक हकिकत आहे. ओब्लोमोव्कात एक पत्र येतं आणि घर हादरतं. कुणाचं असेल? काय असेल? वाईट बातमी असली तर? ते कपाटात बंद होतं आणि चौथ्या दिवशी उघडलं जातं. निघतं काय, तर एका ओळखीच्या माणसाने बिअर बनवण्याची कृती मागितलेली. ती शोधायची, लिहायची, टपालाला ४० कोपेक घालायचे, हे सगळं मग राहूनच जातं. गोरोखोवाया रस्त्यावरच्या कोऱ्या पत्राची वंशावळ अशी थेट बापाच्या घरापर्यंत पोचते. न्याहाळून वाचलं तर पत्रं या कादंबरीचा कणा आहेत.

याचा पुढचा दुवा दुसऱ्या भागात मिळतो. बालमित्र आंद्रेय श्टोल्ट्स येऊन ओब्लोमोवला अंथरुणाबाहेर ओढतो, ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं बजावतो आणि परदेशी प्रवासाला निघून जातो. ओब्लोमोवनेही मागोमाग जायचं ठरलेलं. पासपोर्ट होतो, प्रवासी कोट शिवून होतो. निघायच्या आदल्या रात्री ओठ सुजतो. माशी चावली, अशा ओठाने समुद्रावर कसं जायचं? दरम्यान श्टोल्ट्सने ओल्गा इल्यिन्स्काया या तरुणीशी ओळख करून दिलेली असते. ती बेल्लिनीच्या ऑपेरातलं ‘कास्ता दिवा’ गाते आणि ओब्लोमोव हलतो. हलतो म्हणजे खरोखर: सात वाजता उठतो, वाचतो, टेकड्या चढतो, लोळताना कायम अंगावर असलेला झगा कुठे पडलाय याची चौकशीही करत नाही. पुस्तकाचा वेग इथे एकदम बदलतो, आणि पहिल्या भागात टिकून राहिलेल्या वाचकाला त्याचं फळ मिळतं.

याच भागात ओब्लोमोव ओल्गाला लांबलचक पत्र लिहितो: तुमचं माझ्यावर प्रेम नाही, तो भास आहे, आपण भेटू नये. हे पत्र तो सपाट्याने, एका दमात लिहितो. घरमालकाच्या पत्रासारखी ‘जे’ आणि ‘की’ची टक्कर या वेळी एकदाही झाली नाही, असं गोंचारोव मुद्दाम नोंदवतो. शेकडो पानांनंतर जुळवलेला हा दुवा वाचकाने पाहिला तर कादंबरीची किल्लीच हाती येते. माघार घ्यायची असली की ओब्लोमोवच्या हाताला शाई, कागद, शब्द सगळं सापडतं. त्याच्यात शक्ती नाही असं कुणी म्हणू नये. ती कुठल्या दिशेने वळते, ते पाहावं.

तिसरा भाग पैशाचा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला बांधलेला. लग्नाचा विषय निघतो आणि ओल्गाचं म्हणणं रास्त असतं: आधी जमिनीची घडी नीट बसव. इथे कळतं की तारांत्येवने उन्हाळ्याच्या गडबडीत नेवा नदीपलीकडच्या व्हिबोर्ग भागातल्या एका घराचा भाडेकरार ओब्लोमोवकडून करून घेतलाय. सही झाली, वाचलं कुणी नाही. आता सुटायचं तर करार मोडल्याचे पैसे भरायचे. घरमालकिणीचा भाऊ इवान मात्वेयेविच मुखोयारोव मण्यांच्या चौकटीवर हिशेब टकटकवून आकडा सांगतो: १३५४ रूबल २८ कोपेक. ते २८ कोपेक फार बोलके आहेत. समोरचा माणूस पै-पैचा हिशेब ठेवतो आणि ओब्लोमोवला आपल्या खणात किती शिल्लक आहे हेही ठाऊक नसतं.

मुखोयारोवशी तो काही काळाने जे बोलतो ते दुःखद आहे आणि तितकंच भयंकर. वेठ म्हणजे काय, शेतातली मेहनत म्हणजे काय, गरीब शेतकरी कोणता आणि सधन कोणता, राय किंवा ओट धान्याचा भाव काय, कुठल्या महिन्यात पेरणी आणि कुठल्या महिन्यात कापणी, यातलं मला काही कळत नाही. मी जमीनदार, आणि मला यातलं काहीच माहीत नाही. हा कबुलीजबाब तो देतो कुणापुढे, तर लुटायला टपलेल्या माणसापुढे. पुढे काय होणार हे सांगायला नको. मुखोयारोव आपल्याच साखळीतला एक माणूस जमिनीच्या कारभारावर नेमून देतो आणि ओब्लोमोव त्याचे आभार मानतो.

पुलांचा प्रसंग याच भागातला. नेवा नदी गोठायला आली की तिच्यावरचे तरंगते पूल काढून घेत. नदीवर पहिला कायमचा पूल १८५० मध्ये झाला, त्याआधीचं हे शहर. पूल निघाले ही बातमी ऐकून ओब्लोमोवचा जीव भांड्यात पडतो, कारण आता ओल्गाकडे न जाण्याला कारण मिळालं आणि तेही खुद्द नदीने दिलेलं! आजच्या वाचकाला तरंगत्या पुलांची ही पार्श्वभूमी माहीत नसली तर हा प्रसंग नुसता हवामानाचा वाटून निसटतो. भागाच्या शेवटी ओल्गा आणि ओब्लोमोव यांच्यात जे बोलणं होतं, ते निवांत वेळ काढून वाचावं. तिथे ‘ओब्लोमोवश्चिना’ (ओब्लोमोवपणा) हा शब्द ओब्लोमोव स्वतः उच्चारतो. श्टोल्ट्सने दुसऱ्या भागात तो चिडून वापरलेला असतो, आणि इथे तो आजाराचं नाव बनून येतो.

चौथ्या भागाबद्दल मत थोडं विभागून द्यावं लागतं. व्हिबोर्ग भागातली विधवा घरमालकीण आगाफ्या मात्वेयेव्ना प्शेनित्सिना ही गोंचारोवची अप्रतिम निर्मिती. कामात सतत हलणारे तिचे उघडे कोपर, तिची कॉफी, तिचा स्वयंपाक, आणि स्वतःच्या भावनेला नावही न देता केलेलं प्रेम. भाऊ आणि तारांत्येव मिळून ओब्लोमोवकडून दहा हजारांच्या खोट्या कर्जरोख्यावर सही घेतात. रोखा दिसायला आगाफ्याच्या नावाने, पैसा जायचा भावाच्या खिशात. जमिनीचं उत्पन्न तिकडे वळतं आणि ताटातलं जेवण उतरतं. तेव्हा ओब्लोमोवला नीट जेवायला मिळावं म्हणून ही बाई आपले मोती गहाण ठेवते, मग चांदीची भांडी, मग अंगावरचा कोट. त्याला पत्ता नाही, आणि आपल्याच भावाने हे घडवलंय याचा तिलाही पत्ता नाही. पहिल्या भागात न लिहिलेल्या दोन पत्रांची बाकी इथे चुकती होते, आणि ती चुकती करणारीने त्या पत्रांबद्दल कधी ऐकलेलंही नाही. श्टोल्ट्स येऊन सगळं उघड करतो तेव्हा तो मित्राला सुनावतो: सुरुवात मोजे घालता न येण्यापासून झाली आणि शेवट जगता न येण्यात.

पण या भागात श्टोल्ट्स आणि ओल्गा यांच्यावर खर्चलेली प्रकरणं पुस्तकाची कमजोर बाजू आहेत. श्टोल्ट्स सदा बरोबर, सदा कामात, सदा यशस्वी. तो नेमका काय व्यवसाय करतो तेही धूसरच राहतं. नायकाचा तिढा इतक्या तपशिलाने उलगडणारा लेखक त्याच्या विरुद्ध बाजूच्या माणसाला रक्तमांस देऊ शकला नाही, हे खटकतं. गोंचारोवने १८७९ च्या लेखात ही उणीव स्वतःच मान्य केली: ही व्यक्तिरेखा फिकी आहे, तिच्यातून कल्पना फार उघडी डोकावते. ही प्रकरणं जड गेली तर वेग वाढवून वाचावीत, मात्र आठवं सोडू नये. सगळं मिळूनही ओल्गाला पोखरणारी अनामिक अस्वस्थता तिथे येते, आणि श्टोल्ट्सकडे तिच्यावर तोडगा नसतो.

पहिला भाग आणि पुढचे भाग यांच्यातला सांधा जाणवतो, त्याचं कारण लेखनाच्या इतिहासात आहे. सिंबिर्स्कच्या धान्यव्यापारी घरात १८१२ मध्ये जन्मलेला गोंचारोव १८६७ पर्यंत सरकारी नोकरीत होता. पहिला भाग चाळिशीच्या दशकातला. मग १८५२ मध्ये तो अॅडमिरल पुत्यातिनचा चिटणीस म्हणून ‘पल्लादा’ जहाजावरून जपानच्या मोहिमेवर गेला आणि सायबेरियामार्गे परतला. राहिलेल्या कादंबरीचा बहुतांश भाग त्याने १८५७ च्या उन्हाळ्यात मारियेनबादला, काही आठवड्यांत झपाटल्यासारखा लिहून काढला. कादंबरी १८५९ मध्ये ‘ओतेचेस्त्वेन्निये झापिस्की’ या मासिकात क्रमशः आली. त्याने टॉलस्टॉयला पत्रातून सुचवलं होतं, की पहिला भाग वाचू नका, तो जुना आहे. हा सल्ला आजच्या वाचकाने मानू नये. पहिला भाग गाळला तर ओल्गाच्या पत्रातला दुवा तुटतो, झाखार अर्धा होतो आणि आगाफ्याच्या घरात ओब्लोमोवला नेमकं काय सापडलं ते कळत नाही.

वाचण्याची पद्धत म्हणून एवढं पाळावं. पहिली आठ प्रकरणं रोज चार-चार पानं अशी ओढत वाचू नयेत, कारण त्यांचा विनोद पुनरावृत्तीवर उभा आहे आणि तुकड्यांत तो मरतो. दोन बैठकांत संपवावीत. स्वप्नाला स्वतंत्र बैठक द्यावी. नावांचा घोळ होतो तो मुख्यतः बापाच्या नावामुळे: मुखोयारोव ‘मात्वेयेविच’ आणि प्शेनित्सिना ‘मात्वेयेव्ना’, म्हणजे दोघं एकाच मात्वेयची मुलं. आडनावं वेगळी असल्याने ते भाऊबहीण असल्याचं विसरायला होतं, आणि फसवणुकीचा सगळा डाव त्या नात्यावर उभा आहे. आणि इल्या इल्यिच म्हणजे इल्याचा मुलगा इल्या. बापाचंच नाव मुलाला देऊन लेखकाने ओब्लोमोव्का त्याच्या नावातच भरून ठेवलंय.

कुठली प्रत घ्यावी? इंग्रजीतून वाचणार असाल तर सी. जे. होगार्थचं १९१५ चं भाषांतर टाळा. ते जालावर फुकट मिळतं म्हणून बहुतेकांच्या हाती तेच आधी लागतं, आणि ते भरपूर कापलेलं आहे. पूर्ण कादंबरी ओळखण्याची सोपी खूण: चार भाग, प्रकरणं अनुक्रमे ११, १२, १२ आणि ११. एकूण ४६ भरली नाहीत तर प्रत खाली ठेवा. डेव्हिड मगरशॅकचं १९५४ चं पेंग्विन भाषांतर संथ, शिस्तीचं आणि मिळायला सोपं. नटाली डडिंग्टनचं १९२९ चं जुन्या वळणाचं, तरी स्वप्नाच्या प्रकरणाला तो जुनेपणा शोभतो. स्टीफन पर्लच्या २००६ च्या भाषांतरात संवाद सगळ्यांत जिवंत आहेत. झाखारची भांडणं ऐकायची असतील तर ते घ्यावं. मारियन श्वार्ट्झचं २००८ चं भाषांतर गोंचारोवने स्वतः सुधारलेल्या १८६२ च्या आवृत्तीवरून केलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्या भाषांतराशी ताडून पाहताना मजकुरात फरक दिसला तर छपाईची चूक समजू नये. पहिल्यांदा वाचणाऱ्याने पर्ल घ्यावा, असं माझं मत.

कादंबरी संपल्यावर दोन निबंध जरूर शोधून वाचावेत, दोन्ही १८५९ चेच. समीक्षक दोब्रोल्यूबोवने ‘सोव्रेमेन्निक’ मासिकात ओब्लोमोवला पुश्किनच्या ओनेगिनपासून चालत आलेल्या निष्क्रिय नायकांच्या रांगेत बसवलं आणि या रोगाचं मूळ भूदासप्रथेत दाखवलं. भूदासप्रथा रद्द व्हायला तेव्हा दोनच वर्षं उरली होती. दुसरा समीक्षक द्रुझिनिन याने उलट बाजू घेतली: हा माणूस लहान मुलासारखा निर्मळ आहे, त्याच्या हातून कुणाचं वाईट होणं शक्य नाही, म्हणून तो आपल्याला प्रिय आहे. माझा कौल दोब्रोल्यूबोवला, कारण द्रुझिनिनच्या हिशेबात आगाफ्याचे मोती आणि कारभाऱ्याच्या पत्रातली पळालेली माणसं धरलेलीच नाहीत. मात्र दोब्रोल्यूबोव आधी वाचू नये. त्याचा निबंध इतका पटणारा आहे, की तो वाचून कादंबरीकडे गेलं तर ओब्लोमोव नमुना वाटतो, माणूस वाटत नाही, आणि मग शेवटच्या भागात तो तारांत्येवच्या कानाखाली आवाज काढतो तेव्हा हवा तेवढा धक्का बसत नाही. प्रतीच्या सुरुवातीला छापलेली प्रस्तावनाही याच कारणासाठी शेवटी वाचावी. अशा प्रस्तावना बहुधा ओल्गाचं पुढे काय होतं आणि ओब्लोमोव व्हिबोर्ग भागात किती काळ राहतो, हे पहिल्या दोन-चार पानांत सांगून टाकतात.